नवी उपकरणं आणली, तरी वीजबिल तीन महिन्यांत पुन्हा जागेवर: गळती शोधायची कशी?

कमी वीज खाणारा फ्रिज आणला, घरभर एलईडी लावले, वॉशिंग मशीनही बदललं. पहिल्या महिन्यात बिल खाली आलं, घरात सगळे खूश. दुसऱ्या महिन्यात थोडं चढलं आणि तिसऱ्या महिन्यात होतं तिथे येऊन बसलं. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि स्वतःच्या घरात जवळजवळ वर्षभर सोसलीही आहे. खर्च तर झालेला असतो आणि बचत मात्र हातात पडत नाही, ही टोचणी मला चांगली ठाऊक आहे. म्हणून मी ज्या क्रमाने शोध घेतला तोच क्रम इथे सविस्तर लिहितो. त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. एक वही, घड्याळ आणि एक निवांत रात्र पुरते.

सुरुवात बिलापासून करा, पण बिलाच्या रकमेपासून नको. रक्कम दर बदलला तरी बदलते, स्थिर आकार वाढला तरी वाढते आणि काही ठिकाणी वापर एका टप्प्यापलीकडे गेला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो. त्यामुळे थोडे युनिट वाढले तरी रक्कम बरीच उडी घेते. आपल्याला हवेत ते युनिट, आणि तेही दर दिवसाचे. एक बिल २८ दिवसांचं आणि पुढचं ३४ दिवसांचं असेल, तर घरात काहीही न बदलता दुसरं बिल २१ टक्क्यांनी मोठं दिसेल. म्हणून युनिटांना दिवसांनी भागा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. मे महिन्याची तुलना जानेवारीशी करून काहीच कळत नाही. वाचन अंदाजाने लावलेलं आहे का तेही बघा. अंदाजी बिल एका महिन्यात कमी आणि पुढच्या महिन्यात भरपाईसह येतं, तेव्हा आपल्याला वाटतं की बचत झाली होती आणि मग कुठेतरी हरवली. असे दोन-चार जण मला भेटले ज्यांचा सगळा घोळ एवढ्यावरच मिटला.

दिवसाचे युनिट खरंच उतरलेले नसतील, तर पुढे चला.

रात्रीचं वाचन

घरातल्या विजेचे दोन भाग असतात. एक आपण जाणूनबुजून वापरतो तो: स्वयंपाक, इस्त्री, धुणं, अंघोळीचं पाणी. दुसरा, आपण झोपलो तरी चालूच राहणारा. लोक पहिल्या भागावर लक्ष ठेवतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो. पण मायक्रोवेव्ह १२०० वॅटचा असला तरी पाच मिनिटांत खातो ०.१ युनिट. उलट एखादी वस्तू फक्त १०० वॅट घेत असेल, पण चोवीस तास, तर तिचे दिवसाला २.४ युनिट होतात, वर्षाला ८७६. आकडा मोठा दिसतो तिथे नव्हे, तास जास्त आहेत तिथे पैसा जातो. मला हे पटायला वेळ लागला आणि बहुतेकांचा शोध इथेच चुकीच्या वाटेला लागतो.

म्हणून रात्री झोपताना मीटरचा आकडा दशांशासह लिहून ठेवा. सकाळी उठल्यावर, गीझर किंवा शेगडी लावण्याआधी, पुन्हा लिहा. मी रात्री ११ आणि पहाटे ५ चा आकडा घेतला. सहा तासांत २.४ युनिट, म्हणजे सरासरी ४०० वॅट. घर अंधारात, सगळे झोपलेले, आणि ४०० वॅट सतत वाहत होते. त्या पहाटे मी तो भागाकार तीन वेळा केला.

मीटरवर लुकलुकणारा छोटा लाल दिवा असेल, तर सहा तास थांबायचीही गरज नाही. मीटरच्या तोंडावर ‘३२०० इम्प प्रति केडब्ल्यूएच’ असं काहीसं छापलेलं असतं. हा आकडा १०००, १६०० किंवा आणखी काही असू शकतो. अर्थ एवढाच की दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा, दहाने भागा, म्हणजे दोन लुकलुकींमधलं अंतर मिळेल. ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागा, आलेल्या उत्तराला त्या सेकंदांनी भागा. हाती येतात ते त्या क्षणीचे वॅट. ३२०० च्या मीटरला हिशोब सोपा होतो: ११२५ भागिले सेकंद. माझ्याकडे दहा लुकलुकींना २८ सेकंद लागत होते, म्हणजे एकीला २.८, आणि उत्तर आलं सुमारे ४०२ वॅट. रात्रीच्या वाचनाशी जुळलं. छतावर सौर पॅनल असतील, तर हे मोजमाप सूर्य मावळल्यावरच करा. दिवसा तो दिवा बाहेर जाणारी वीजही मोजत असू शकतो.

आता एमसीबीच्या, म्हणजे घरातल्या विजेची एकेक वाट बंद करणाऱ्या छोट्या स्विचांच्या, पेटीपाशी जा. संगणक वगैरे नीट बंद करा. घरात कुणाचं वैद्यकीय उपकरण विजेवर चालत असेल, तर त्या वाटेला हातच लावू नका. मग एकेक एमसीबी खाली करा आणि दर वेळी लुकलुक मोजा. ज्याने अंतर एकदम वाढतं, त्या वाटेवर काहीतरी खात बसलेलं आहे. त्या वाटेवरचे प्लग एकेक करून काढले की नेमकी वस्तू सापडते. पेटीचं झाकण उघडायचं नाही, फक्त बाहेरच्या कळा वापरायच्या, आणि हात कोरडे ठेवायचे.

एक चाचणी शेवटी आवर्जून करा: मुख्य स्विच बंद करून मीटरकडे बघा. दिवा लुकलुकता कामा नये. तरीही लुकलुकत असेल, तर दोष मीटरमध्ये आहे किंवा मीटर आणि मुख्य स्विच यांच्यामधल्या वायरिंगमध्ये. कुणीतरी मधूनच जोडणी घेतलेली असण्याचीही शक्यता असते. हे काम आपलं नाही. वाचन आणि वेळ लिहून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या.

माझ्या ४०० वॅटची फोड अशी निघाली. दोन पंखे मिळून १००, त्यातला जुना ७० आणि नवा, कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, ३०. नवा फ्रिज सरासरी ४०. राउटर ८. हे सगळं हवंच होतं. उरलेल्या अडीचशे वॅटमध्ये होता जुना फ्रिज १००, गीझर ७०, बॅकअपची बॅटरी ६०, आणि टीव्हीच्या आसपासची पेटारी (सेट-टॉप बॉक्स वगैरे) २२. अडीचशे वॅट म्हणजे दिवसाला ६ युनिट, महिन्याला १८०.

जुना फ्रिज गेलाच नव्हता

पहिल्या महिन्यात बिल का उतरलं होतं, ते आता कळलं. नवा फ्रिज आला तेव्हा जुना बंद करून कोठीच्या खोलीत उभा केला होता, ‘कुणीतरी घेऊन जाईल’ म्हणून. मग पाहुणे आले, जागा कमी पडली, आणि कुणीतरी त्याचा प्लग लावला. पाहुणे गेले, फ्रिज चालूच राहिला. त्यात पाण्याच्या चार बाटल्या आणि बर्फाचा एक ट्रे होता. नव्या फ्रिजने जुन्याची जागा घेतली असती, तर वर्षाला ८७६ ऐवजी ३५० युनिट लागले असते. प्रत्यक्षात दोन्ही मिळून १२२६ लागत होते. आम्ही वीज वाचवण्यासाठी खर्च करून विजेचा वापर वाढवला होता.

जुनी वस्तू घराबाहेर जाईपर्यंत बदल पूर्ण झाला असं मी आता समजत नाही. फ्रिज देताना मात्र तो मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रात किंवा विक्रेत्याच्या परत घेण्याच्या योजनेत द्या. आतला वायू काढून घ्यायची रीत असते. नळी तशीच कापली तर जुन्या फ्रिजमधला वायू हवेत जाऊन वातावरण तापवतो, आणि अलीकडच्या अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो.

घरात एकच फ्रिज असेल आणि तरीही तोच दोषी निघत असेल, तर तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. दाराचं रबर आधी. दारात कागदाचा तुकडा अडकवून ओढा. सहज सुटला तर तिथे फट आहे. चारही बाजूंना आणि विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यांत करून पाहा. मला याहून भरवशाची वाटते ती टॉर्चची चाचणी: मोबाइलचा दिवा लावून तो आत ठेवा, दार लावा, खोलीत अंधार करा. कडेने उजेडाची रेघ दिसली तर थंड हवाही तिथूनच बाहेर पडते आहे. रबर बदलण्याआधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पाहा. चिकटा आणि कण साचल्यामुळेही ते नीट बसत नाही. कडक झालं असेल तर बदला, फ्रिज बदलायची गरज नाही.

मग मागची जाळी. मागे किंवा खाली काळी जाळी असेल, तर प्लग काढून तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडा. फ्रिज आतली उष्णता त्या जाळीतून खोलीत टाकतो, धुळीचं पांघरूण बसलं की त्याला तेच काम जास्त वेळ करावं लागतं. जाळी दिसत नसेल तर ती कडेच्या पत्र्यांत असते, म्हणून बाजू गरम लागतात. ते बिघाडाचं लक्षण नाही, पण त्या बाजूंना हवा मिळायला हवी. फ्रिज दोन कपाटांच्या मधे घट्ट बसवला असेल, तर सोय कितीही छान दिसो, युनिट वाढतात.

तापमान कळीवरच्या आकड्यावरून ठरवू नका. तो आकडा बहुधा अंश सेल्सिअस नसतोच. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात राहू द्या, सकाळी वाचा. ४ अंशांच्या आसपास हवं, फ्रीझर उणे १८. त्याहून थंड ठेवून अन्नाला फायदा नाही, फक्त वीज जास्त जाते. ‘कॉम्प्रेसर थांबतच नाही’ ही तक्रारही बरेचदा येते. जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये ते वाईट लक्षण आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मात्र मंद गतीने सतत चालावा असाच बनवलेला असतो, त्याचा अखंड बारीक आवाज ऐकून मेकॅनिक बोलवू नका. आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिज अधूनमधून आतला बर्फ वितळवण्यासाठी शंभर-दोनशे वॅटचा हीटर लावतो, तेव्हा मीटरची लुकलुक अचानक वाढते. म्हणून फ्रिजचा निकाल दहा लुकलुकींवर लावायचा नाही, किमान एक दिवसाचा वापर मोजायचा. प्लगला लावायचं छोटं वॅटमीटर उसनं मिळालं तर या कामाला फार उपयोगी पडतं.

गीझर: इथे ‘कार्यक्षम’ शब्द फसवतो

विजेच्या गीझरमधली कॉइल घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच सोडते. तिथे सुधारायला जागाच नाही. एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात, मग गीझर कुठल्याही कंपनीचा असो. मिनिटाला ८ लीटर सोडणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटं उभं राहिलात आणि पाणी २५ अंशांनी तापवलेलं असेल, तर ६४ लीटरांना १.८६ युनिट लागतात. नव्या गीझरमध्ये सुधारतं ते टाकीभोवतीचं आवरण. म्हणजे पाणी तापवून ठेवल्यावर वाया जाणारी उष्णता कमी होते, तापवायचा खर्च तोच राहतो. गीझर बदलूनही बिल हललं नाही असं म्हणणाऱ्यांचं कोडं इथे सुटतं.

त्यामुळे इथे तीनच प्रश्न विचारायचे. पहिला, पाणी किती जातं? शॉवरचं तोंड मिनिटाला ८ वरून ६ लीटरवर आणलं की त्याच अंघोळीची वीज एक-चतुर्थांशाने उतरते. नवा गीझर घेऊन एवढी बचत होणं अवघड. दुसरा, टाकी नाहक किती वेळ तापलेली राहते? आमचा गीझर चोवीस तास चालू असायचा, कारण स्विच बाथरूमच्या बाहेर कपाटाआड होता आणि तो बंद करायची कुणालाच सवय नव्हती. संध्याकाळी पाणी न वापरता त्याचा दिवा किती वेळा लागतो ते मी मोजलं. दर थोड्या वेळाने लागत होता. टायमर लावला आणि ते ७० वॅट जवळजवळ संपले. तिसरा, गरम नळ गळतो का?

या तिसऱ्या प्रश्नावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तो कुणी विचारत नाही. गळक्या नळाकडे आपण पाण्याची नासाडी म्हणून बघतो, विजेची म्हणून नाही. नळाखाली भांडं ठेवून तासाभरात किती पाणी जमतं ते मापा. समजा तासाला एक लीटर. दिसायला ती नुसती टिपटिप आहे. दिवसाचे २४ लीटर झाले, आणि ते ३० अंशांनी तापवलेले असतील तर ०.८४ युनिट. वर्षाला सुमारे ३०५. माझा नवा फ्रिज वर्षभर चालायला ३५० घेतो. म्हणजे झिजलेला एक वॉशर जवळजवळ एका फ्रिजएवढी वीज खाऊ शकतो, आणि तो बदलायला अर्धा तास लागतो. गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हच्या नळीतून सतत पाणी ठिबकत असेल तर तीही अशीच गळती, पण ती नळी किंवा व्हॉल्व्ह बुजवू नका. तो दाब सोडण्यासाठीच आहे. प्लंबरला दाखवा.

थर्मोस्टॅट खूप खाली आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. साठवणीच्या टाकीत मी तो देणार नाही. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवायला सांगतात. बचत तास कमी करून आणि पाणी कमी वापरून करा. उलट ७५-८० अंशांवर ठेवलेला गीझर खाली आणायलाच हवा, तो भाजूही शकतो. पाणी वाफाळतंय, तरी कॉइल बंद होत नाही, असं दिसलं तर थर्मोस्टॅट अडकलेला आहे. स्विच बंद ठेवा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

पाणी तापवायची वीज खरोखर कमी करणारं उपकरण हवं असेल, तर उष्मा-पंपाचा गीझर. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे एका युनिटात साधारण अडीच-तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. मोठ्या कुटुंबात, रोज भरपूर गरम पाणी लागत असेल तिथे तो फिटतो. एकट्या माणसाच्या घरात त्याची जास्तीची किंमत वसूल व्हायला फार काळ जाईल.

बॅटरी, पेटारी आणि चार्जर

वीज गेल्यावर चालणारी इन्व्हर्टर-बॅटरीची जोडी आपण विसरून जातो, कारण ती फक्त अंधारातच आठवते. बॅटरी भरली की चार्जरचा वापर अगदी खाली यायला हवा. म्हातारी झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरतच नाही, ती दिवसरात्र प्रवाह ओढत राहते आणि त्याची उष्णता करते. वीज न जाताही बॅटरी कोमट लागते का, तिच्यातलं पाणी लवकर उतरतं का, हे पाहा. आमच्याकडे दोन्ही होतं. फार तापत असेल, फुगली असेल किंवा उग्र वास येत असेल तर वाट न पाहता तंत्रज्ञाला बोलवा.

टीव्हीच्या बाबतीत समज जुनी झाली आहे. स्टँडबायला एक वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. युरोपीय संघाने २०१३ पासून स्टँडबायची मर्यादा अर्धा वॅट केली, दिसणारी माहिती दाखवणाऱ्या उपकरणांना एक वॅट, आणि हल्लीचे बरेच टीव्ही त्या आसपास असतात. दोष बहुधा शेजारच्या सेट-टॉप बॉक्सचा असतो. त्याचा दिवा हिरव्याचा लाल झाला तरी आतलं यंत्र जागंच राहतं. हात लावून पाहा, ‘बंद’ असताना कोमट लागत असेल तर तो वीज खातो आहे. गेम खेळायचं यंत्र ‘झटपट सुरू’ पद्धतीवर ठेवलं असेल तर तेही तसंच. मी सगळ्यांना एका स्विचच्या पट्टीवर घेतलं, राउटर वेगळा ठेवला, आणि काम झालं.

मोबाइलचे चार्जर उपसत बसू नका. फोन न लावलेला बहुतेक नवा चार्जर ०.१ वॅटच्या आसपास घेतो, वर्षाला एक युनिटही नाही. रोज सहा चार्जर काढायची शिस्त लावून घेणाऱ्या घरात कोठीतला फ्रिज बिनदिक्कत चालू असलेला मी पाहिला आहे. तो उत्साह बरोबर ठिकाणी लागावा म्हणून तर हे लिहितो आहे.

वापरच वाढला असेल तर

कधी कधी काहीच गळत नसतं. उपकरण खरंच कमी खातं, म्हणूनच ते जास्त चालतं. नवा एसी कमी वीज घेतो हे कळल्यावर रात्रीचे चार तास आठ होतात, २६ अंश २३ होतात. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं: वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा एकूण खप वाढला. हा कुणाचा दोष म्हणून मी सांगत नाही. उकाड्यात शांत झोप मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती आपण वाढीव सुखापोटी दिलेली किंमत आहे, उपकरणाचा बिघाड नाही, एवढं ओळखता आलं की शोध थांबवता येतो.

एसीबद्दल मात्र दोन गोष्टी बघून घ्या: आतल्या जाळीवर धूळ आहे का, आणि बाहेरच्या युनिटची गरम हवा भिंतीला आपटून पुन्हा त्याच्याच तोंडात जाते आहे का. जाळी धुऊन, दाराखालची फट बुजवूनही थंडावा कमी वाटला तर वायू गळत असण्याची शक्यता असते. नुसता वायू भरून घेऊ नका, आधी गळती शोधून बंद करायला लावा. नाहीतर पुढच्या हंगामात तीच तक्रार परत येईल.

वॉशिंग मशीनमध्ये वीज ढोल फिरवायला कमी आणि पाणी तापवायला जास्त जाते. ‘इको’ कार्यक्रम तीन तास घेतो म्हणून लोक तो टाळतात आणि पाऊण तासाचा गरम पाण्याचा लावतात. इको कमी तापमानावर जास्त वेळ भिजवून काम भागवतो, म्हणूनच तो लांबतो.

पुढची खरेदी

ऊर्जा-लेबलवरचे तारे किंवा अक्षर शेवटी बघा. आधी वर्षाला किती युनिट हा आकडा शोधा. दर्जा बहुतेक ठिकाणी उपकरणाच्या आकारमानाच्या प्रमाणात दिला जातो, त्यामुळे मोठा फ्रिज वरच्या दर्जाचा असूनही लहान, खालच्या दर्जाच्या फ्रिजपेक्षा जास्त युनिट खाऊ शकतो. निकषही बदलत असतात. युरोपात मार्च २०२१ मध्ये अनेक उपकरणांची पट्टी पुन्हा ए ते जी अशी आखली, तेव्हा आधी वरच्या वर्गात असलेली उपकरणं एका दिवसात खाली आली. त्यांचा वापर तेवढाच होता.

काय आधी बदलायचं, हे वॅट गुणिले तास यावरून ठरवा. ६० वॅटच्या जुन्या बल्बच्या जागी तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी आला, की ५१ वॅट वाचतात. बैठकीच्या खोलीत रोज सहा तास दिवा लागत असेल तर वर्षाला ११२ युनिट. माळ्यावर रोज दहा मिनिटं लागत असेल तर ३. दिवा तोच, बचतीत ३६ पट फरक. वर्षाला वाचणाऱ्या युनिटांना दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाला त्या उत्तराने भागा, एवढ्या हिशोबाने किती वर्षांत पैसे सुटतील ते कळतं. उपकरणाच्या आयुष्यापेक्षा तो आकडा मोठा आला तर जुनंच चालू द्या.

आणि प्लगमध्ये खोचून ‘बिल तीस टक्के कमी करणारी’ छोटी डबी विकत घेऊ नका. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारल्याचा दावा केला जातो, पण घरगुती बिल आकारलं जातं ते प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर, आणि ते त्या डबीने कमी होत नाहीत. त्या दिव्याची भर तेवढी पडते.

बिल पुन्हा चढू नये म्हणून मी आता रविवारी रात्री मीटरचा आकडा वहीत उतरवतो आणि महिन्यातून एकदा झोपण्याआधी दहा लुकलुकी मोजतो. २८ सेकंदांचे आता ७६ झाले आहेत, म्हणजे सुमारे १४८ वॅट: दोन पंखे, एक फ्रिज आणि राउटर. मधे एका महिन्यात रात्रीचा वापर अचानक वाढलेला दिसला, तेव्हा टायमरमधलं घड्याळ वीज गेल्यावर मागे पडलं होतं आणि गीझर मध्यरात्री लागत होता. बिल यायच्या तीन आठवडे आधी ते सापडलं. आता त्या १४८ मध्ये सगळ्यात मोठा वाटा जुन्या पंख्याचा आहे, ७० वॅट, आणि तो रोज दहा तास चालतो. पुढचा नंबर त्याचा.